पाठीमागचे तिघे

खेचरवाला सिमोस एकटाच परत आलेला दिसला, तेव्हाच आमच्या कुंभारवाड्यातल्या बायकांनी हातातली कामं खाली ठेवली. डामोक्सेनोस कुंभाराबरोबर तो घड्यांनी लादलेली खेचरं घेऊन वर डोंगरात, सिल्बिऑनला गेला होता. दर शरदात दोघं जायचे आणि येताना लोकर, मध आणि डामोक्सेनोसच्या नव्या थापा घेऊन यायचे. या वेळी खेचरांच्या पाठी रिकाम्या होत्या. सिमोस थेट मेलिन्नाच्या दारात गेला आणि उंबऱ्यावर बसला.

मेलिन्ना डामोक्सेनोसची बायको. तो चाकावर घडे घडवायचा, ती त्यांच्यावर चित्रं काढायची. तिचा बाप अथेन्सहून समुद्र ओलांडून आलेला चितारी होता. रेषा तिने त्याच्याकडून उचलली, पण बाकी सगळं इथलं, मेटापोंतिऑन या आमच्या ग्रीक वसाहतीचं. बाप एका पाकळीवर थांबायचा तिथे ती अख्खा पंखा उलगडायची. पांढरा आणि पिवळा रंग तर असा सढळ वापरायची, की म्हातारा असता तर कपाळावर हात मारला असता. डोंगरातल्या लोकांना तेच आवडायचं.

"जिवंत आहे का तेवढं सांग," ती म्हणाली.

"मी निघालो तेव्हा होता."

मग सिमोसने सांगितलं. सिल्बिऑनचा प्रमुख दाझिमास, त्याचा एकुलता मुलगा प्लातोर मामाबरोबर गुरं पळवायला खाली तारास या दुसऱ्या ग्रीक शहराच्या कुरणांवर गेला होता. तारासच्या घोडेस्वारांनी त्यांना गाठलं. मुलाचं प्रेत घोड्यावर आडवं टाकून मामा गावात शिरला, तेव्हा वेशीपाशी डामोक्सेनोस घडे मांडून बसला होता आणि कुठल्याशा गिऱ्हाइकाशी हसत होता. मामाने त्याला केसांना धरून ओढत नेलं.

"अरे पण तो तारासचा नाही. तारासशी आपला काय संबंध?"

"मी हेच म्हणालो, बाई. तर म्हणाले, भाषा एकच बोलता ना?"

त्या मामाचं नाव झाइरेस. त्याला थडग्यावर ग्रीक माणूस कापायचा होता. दाझिमासने मध्ये पडून वेळ काढली होती. तो म्हणाला, मुलाला खड्ड्यात ठेवलं आहे, वरची शिळा पौर्णिमेला बसेल. त्याच्या आत माझ्या मुलाचं चित्र असलेला घडा पाहिजे. दुसऱ्या कुणाचं नाही, माझ्या मुलाचं. घडा मनासारखा झाला तर कुंभार घरी जाईल. नाही झाला, तर तो झाइरेसचा.

शेजारणी म्हणाल्या, नगरसभेकडे जा, मोठी माणसं रदबदली करतील. मेलिन्ना म्हणाली, "त्यांची भाषणं संपेपर्यंत पौर्णिमा होऊन जाईल." तिने घरची माती ओल्या चामड्यात गुंडाळली, काळा लेप बुधलीत भरला, कुंचले पदराला बांधले आणि सिमोसला म्हणाली, "उठ."

डामोक्सेनोसला गावाबाहेर एका कुंभाराच्या भट्टीशेजारी, शेरडांच्या गोठ्यात ठेवलं होतं. एक डोळा सुजून बंद झाला होता, पायात दोरी होती. मेलिन्नाला पाहून तो उठला आणि दोरीच्या हिसक्याने परत खाली बसला.

"माती कुठली आणलीस?" तो म्हणाला.

"घरची."

"बरं केलंस. इथली पिवळी आहे, लेप धरत नाही." मग म्हणाला, "तू यायला नको होतंस."

"मग घड्यावर चित्र कोण काढणार? सिमोस?"

तेवढ्यावर दोघं हसली. पहाऱ्यावरचा माणूस त्यांच्याकडे बघायला लागला, तशी गप्प झाली.

डोंगरातल्या बहुतेकांना आमची भाषा बाजारापुरती येते. आमच्यातल्या कुणालाच त्यांची येत नाही. म्हणून प्लातोरची आई एथेता आली तेव्हा ती आमच्याच भाषेत बोलली, शब्द शोधत शोधत. उंच बाई होती. तिने केस कापून टाकले होते. ती म्हणाली, "तुमच्या आकाराचा नको. आमचा पाहिजे. कानांवर चकत्या असतात तो."

तो घडा आम्हाला चांगला माहीत. मूळचा त्यांच्या बायकांचा. आम्ही तो त्यांच्याकडून उचलला, त्यावर आमची चित्रं काढली आणि त्यांनाच विकला. डामोक्सेनोसने मान हलवली. त्याच दिवशी त्याने तिथल्या चाकावर पोट आणि गळा वेगवेगळे काढले, दुसऱ्या दिवशी सांधले, धरायला उभे कान लावले आणि त्यांवर चार चकत्या बसवल्या. दोरी पायात तशीच. चाक फिरवायला सिमोस. झाइरेस दिवसातून कितीदा तरी यायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा आणि निघून जायचा. ठेंगणा, रुंद खांद्यांचा माणूस होता. एक हात गळ्यातल्या झोळीत बांधलेला, त्यावरचं रक्त सुकून काळं पडलेलं.

घडा कातड्यासारखा घट्ट झाल्यावर मेलिन्नाने कोळशाने पहिली आकृती काढली. डोंगरातला तरुण लढवय्या तिने शेकडो वेळा काढला होता. टोकदार टोपी, पट्ट्यापट्ट्यांचा आखूड सदरा, रुंद कमरपट्टा, हातात भाला, समोर पेला घेऊन उभी राहिलेली बाई. हात आपोआप चालायचा. एथेताने बराच वेळ चित्राकडे पाहिलं.

"हा कोण?"

"तुमचा मुलगा."

"हा तुमच्या घड्यावरचा माणूस आहे. माझ्या घरात याचे चार घडे आहेत. चारही घड्यांवर हाच."

दारात उभा असलेला झाइरेस डामोक्सेनोसकडे बघून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि पहारेकरी हसला.

मेलिन्नाने ओल्या बोळ्याने कोळसा पुसला. "तो कसा उभा राहायचा?" तिने विचारलं.

एथेताला प्रश्न कळला नाही असं वाटलं. मग ती उठली आणि तिने एक खांदा किंचित खाली पाडला, सगळा भार एका पायावर दिला, दुसऱ्या पायाचा अंगठा मातीत रुतवला. लहानपणी झाडावरून पडला होता, म्हणाली. कंबर जराशी वाकडी राहिली. भाला डाव्या हातात धरायचा. टोपी कधीच घालायचा नाही, मामाने दिलेली होती, खाजते म्हणायचा. नुकतीच मिशी फुटत होती आणि दिवसभर तिथे बोट फिरवत बसायचा. हे सांगताना तिचं बोट स्वतःच्या ओठावर गेलं आणि तिथेच राहिलं.

तो सगळा दिवस मेलिन्ना काढत होती आणि पुसत होती. कान मोठे कर. नाही, एवढे नाही. मान पुढे. संध्याकाळी एथेता एकदम उठून बाहेर गेली. मेलिन्नाला वाटलं, बिघडलं. पण ती दाझिमासला घेऊन आली. पांढऱ्या दाढीचा दाझिमास घड्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने चित्राला हात लावला नाही. "रंग भर," एवढंच म्हणाला.

पुढचे दोन दिवस पाऊस नव्हता, पण हवा दमट होती आणि घडा वाळत नव्हता. आकाशात चंद्र जाड होत चालला होता. डामोक्सेनोसने गवताचा मंद जाळ करून घडा दुरूनच शेकत ठेवला. कानाच्या सांध्यात केसभर चीर दिसली, ती त्याने ओल्या मातीने बुजवली आणि त्यावर फुंकर घालत बसला, तान्ह्या पोराच्या जखमेवर घालावी तशी. मेलिन्नाने प्लातोरची बाह्यरेषा जाड लेपाने काढली, भोवतीची जमीन काळी केली, घड्याच्या गळ्यावर वेलबुट्टी घातली, खाली नागमोडी चौकटींची पट्टी फिरवली. मुलासमोर तिने एथेतालाच उभं केलं, लांब केसांची. मग घडा फिरवला.

मागची बाजू राहिली होती. उजेड संपत आला होता, डोळे चुरचुरत होते आणि अंगात जीव उरला नव्हता. मागच्या बाजूचा विचार आमच्यात कुणी करत नाही. तिथे जे असतं ते असतं. तिचा कुंचला चालत राहिला आणि काम संपताच ती गोठ्याच्या भिंतीला टेकून तशीच झोपली.

सकाळी डोळे उघडले तेव्हा झाइरेस घड्याच्या मागच्या बाजूसमोर उकिडवा बसला होता.

"हे कोण?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

"कुणी नाही."

"कुणी नाही म्हणजे?"

"मागे असतात," मेलिन्ना म्हणाली. अजून तिला काही कळलेलं नव्हतं. "प्रत्येक घड्याच्या मागे असतात. चादरी पांघरलेली पोरं, गप्पा मारत उभी."

"ग्रीक पोरं."

"हो. आखाड्याबाहेर उभी राहतात तशी."

"तीन."

"जागा कमी असली तर दोन काढतो."

झाइरेस उठला. डामोक्सेनोस कोपऱ्यात भाकरी खात होता. झाइरेसने गुडघा त्याच्या छातीवर ठेवून त्याला गवतात दाबलं. झोळीतून काढलेल्या दुखऱ्या हाताने त्याचे केस मागे खेचले आणि दुसऱ्या हाताने सुरी कानाखाली लावली.

"पोराला मारणारे घोड्यावर तिघेच होते," तो म्हणाला. "मी आणि मेलेला पोर सोडला तर कुणाला माहीत नाही. माझ्या बहिणीलाही मी सांगितलं नाही. हिला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," मेलिन्ना म्हणाली. "आम्ही असेच काढतो. माझा बाप असेच काढायचा. तुमच्या बहिणीच्या घरी घडे आहेत ना, त्यांच्या मागे बघा."

"तू ओळखतोस त्यांना?" झाइरेस डामोक्सेनोसला विचारत होता. "तुझे मित्र आहेत? माझ्या पोराच्या थडग्यात त्यांना पाठवतोस? गप्पा मारायला?"

डामोक्सेनोसच्या तोंडात भाकरीचा घास होता. त्याला गिळताही येत नव्हता आणि थुंकताही येत नव्हता. सुरीच्या टोकाखाली रक्ताचा थेंब आला आणि मानेवरून ओघळला.

पहारेकऱ्याने दाझिमासला हाक मारली म्हणून तो वाचला. दाझिमास आला, घडा पाहिला, आणि आपल्या भाषेत मेव्हण्याशी बोलला. बराच वेळ बोलला. मध्येच त्याने मोठ्या वाड्याकडे बोट केलं. बहुधा तिथल्या घड्यांबद्दल सांगत असावा. शेवटी झाइरेसने सुरी काढली, पण म्यानात घातली नाही.

"पुसून टाक," दाझिमास मेलिन्नाला म्हणाला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. इतके दिवस तो तिला बाई म्हणायचा, आता म्हणाला नाही. "पौर्णिमा परवा आहे."

पुसणं सोपं नव्हतं. कोळसा पुसता येतो, लेप सुकल्यावर येत नाही. मेलिन्नाने पात्याने खरवडायला सुरुवात केली तशी डामोक्सेनोसने तिचा हात धरला. "तिथे भिंत पातळ आहे. आणखी खरवडलंस तर भट्टीत फुटेल."

"मग?"

"काळं कर. सगळं काळं कर."

तिने तेच केलं. तिघांच्या चादरींवरून, चेहऱ्यांवरून, हातांवरून लेपाचे हात दिले, एकावर एक, मागची बाजू पूर्ण अंधारी होईपर्यंत. झाइरेस शेवटपर्यंत उभा राहून पाहत होता.

तिथली भट्टी त्यांच्या बायकांच्या साध्या घड्यांसाठी होती. तिला झाकण नीट बसत नव्हतं. आमच्या कामात आग तीनदा फिरवावी लागते. आधी वारा मोकळा सोडायचा, मग सगळी भोकं बुजवून ओलं लाकूड घालायचं आणि घडा धुरात कोंडायचा. आत सगळं काळं पडतं. मग वारा पुन्हा जरासा सोडला की मातीचा लाल रंग परत येतो आणि लेप काळाच राहतो. वारा लवकर सोडला तर सगळंच लाल होतं, उशिरा सोडला तर मुलगाही काळाच राहतो. डामोक्सेनोसला घरी हे झोपेत जमायचं. इथे त्याने चिखल आणि गवताने सगळ्या फटी लिंपल्या, एक छोटं भोक राखलं आणि पहाटेपासून त्यासमोर पोटावर पडून राहिला. त्याचा एकच डोळा चालत होता. सिमोस लाकडं द्यायचा, मेलिन्ना भेगांवर चिखल फिरवायची.

दुपारी भोकं बुजवली आणि ऑलिव्हच्या ओल्या फांद्या आत सारल्या. लिंपलेल्या फटींतून धूर यायला लागला. मेलिन्ना एक बुजवायची तर दुसरी उघडायची. तिच्या ध्यानात आलं की पलीकडच्या बाजूला दुसरं कुणीतरी चिखल थापतंय. तो झाइरेस होता. एकाच हाताने थापत होता.

"हात भाजेल," ती म्हणाली.

"भाजू दे."

थोड्या वेळाने तो भट्टीशीच बोलावं तसा बोलायला लागला. "तो पुढे होता. कुरणाच्या टोकाला धूळ दिसली, मला कळलं, स्वार आहेत. मी त्याला मागे हो म्हणालो नाही. म्हटलं, पोरगा आहे, बघू काय करतो. चांगला वळला. भाला चांगला टाकला." त्याने फटीवर आणखी चिखल दाबला. "ते हसत होते."

मेलिन्ना चिखल थापत राहिली.

"आता," भोकापाशी पडलेला डामोक्सेनोस म्हणाला, आणि सिमोसने वरचं झाकण बोटभर सरकवलं.

पौर्णिमेच्या दिवशी दुपारपर्यंत भट्टी निवू दिली. गावातले लोक थडग्यापाशी जमले होते, तिकडून वाद्याचा आणि बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता. दाझिमास, एथेता आणि झाइरेस भट्टीपाशी आले. डामोक्सेनोसने झाकण काढलं, कोपरापर्यंत राखेत हात घातला आणि घडा अंदाजाने वर घेतला. त्याने बोटाच्या पेराने घड्याच्या पोटावर टिचकी मारली. नाद लांबला आणि स्वच्छ होता. मग त्याने ओल्या फडक्याने राख पुसली आणि प्लातोर दिसला.

लाल, उबदार, काळ्याच्या मधोमध. खांदा एका बाजूला उतरलेला, डाव्या हातात भाला, केस कपाळावर आलेले. ओठावर बोट. एथेताने घड्यासमोर बसकण मारली आणि दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला धरलं. घडा अजून ऊन होता, पण तिने सोडला नाही. "हो," ती म्हणाली. आणि पुन्हा, "हो."

दाझिमासने तोंड फिरवलं. डामोक्सेनोस मेलिन्नाच्या खांद्यावर डोकं टेकून उभा राहिला. पायातली दोरी सोडायला सिमोस खाली वाकलाच होता.

झाइरेसने घडा फिरवला.

कलता सूर्य डोंगराच्या बाजूने येत होता, आडवा. मागची बाजू काळी होती, कुठेही लालसर डाग नव्हता. पण त्या तिरप्या उजेडात काळ्यावर काळं उठून दिसत होतं. जाड रेषा लेपाखालून वर आल्या होत्या. एक चादर, तिच्या चुण्या. दुसरी. एक पुढे केलेला हात. झाइरेसने त्यावरून बोट फिरवलं. तिसऱ्याच्या चेहऱ्यापाशी बोट थांबलं, नाकावरून खाली आलं, हनुवटीवर गेलं.

"आहेत," तो म्हणाला. "तिघेही आहेत."

सिमोसचे हात दोरीवर तसेच राहिले. झाइरेस सरळ उभा राहिला आणि त्याने मेलिन्नाला विचारलं, "मुद्दाम ठेवलेस?"

तिला नंतर लोकांनी कितीदा विचारलं, की तेव्हा काहीतरी गोड बोलून का नाही वेळ मारून नेलीस. ती म्हणायची, एथेता माझ्याकडे बघत होती, म्हणून.

"नाही," ती म्हणाली. "खरवडून निघाले नाहीत. मला वाटलं, झाकले जातील."

झाइरेसने डामोक्सेनोसच्या दंडाला धरलं. दाझिमासने या वेळी त्याला अडवलं नाही. त्याने शब्द दिला होता आणि शब्द दोन्हीकडचा होता.

"थांब," एथेता म्हणाली.

ती गुडघ्यांवरच सरकत घड्याच्या मागच्या बाजूला आली. तिनेही बोट फिरवलं, तिघांवरून, हळू, आंधळं माणूस चाचपतं तसं. मग तिने भावाकडे मान वर करून पाहिलं.

"किती होते, झाइरेस? तू मला सांगितलं नाहीस."

झाइरेसने नजर घड्यावर वळवली.

"मी विचारते आहे."

"तीन."

"हसत होते?"

मेलिन्नाला वाटलं, हे तिने कुठून ऐकलं. पण आई होती, भावाचं तोंड बघून तिला कळलं असेल.

"हो," झाइरेस म्हणाला.

"आता हसत नाहीत," एथेता म्हणाली. "बघ. तोंडं काळी झाली आहेत त्यांची. तुला थडग्यावर एक ग्रीक पाहिजे होता ना? या बाईने तिघांना धरून आणलंय. जे पाहिजे होते त्यांनाच. काळ्या तोंडाने माझ्या पोराच्या पाठीमागे उभे राहतील. त्याला मागे वळून बघायची गरज नाही. तेच बघतील त्याच्या पाठीकडे, शिळेखाली, कायमचे." तिने डामोक्सेनोसकडे मान हलवली. "हा कुंभार त्यांच्यातला नाही. याला खाली टाकून काय मिळेल? घडे करील आणि बडबडेल."

झाइरेस हलला नाही. डामोक्सेनोसचा दंड त्याच्या मुठीत होता आणि मूठ घट्ट होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. तिकडून रडण्याचा आवाज चढत होता. शिळा ओढायला बैल जुंपले असावेत, ते हंबरत होते.

मग त्याने दंड सोडला. झोळी गळ्यातून काढून फेकली, वाकून दोन्ही हातांनी घडा उचलला आणि छातीशी धरला. दुखऱ्या हातातून ताजं रक्त आलं, घड्याच्या कानावर लागलं. कुणी पुसलं नाही. तो घडा घेऊन एकटाच थडग्याकडे चालायला लागला. एथेता त्याच्या मागे गेली.

दाझिमास मागे राहिला. "जा," तो म्हणाला. "शिळा बसायच्या आत वेस ओलांडा. तो परत आल्यावर काय म्हणेल, मला माहीत नाही." मग म्हणाला, "बाई, चेहरा बरोबर आला."

ते रात्रभर उतरले. डामोक्सेनोसला नीट चालता येत नव्हतं, त्याला खेचरावर बसवलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, सिमोस म्हणतो.

उजाडल्यावर ब्रादानोस नदीच्या उताराशी पाणी पीत असताना त्यांना घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. तारासचे स्वार होते. गस्तीवरची तुकडी, तरुण पोरं. डामोक्सेनोसचा डोळा, मान, घोट्यावरचे दोरीचे वळ त्यांनी बघितले आणि खाली उतरले. एकाने आपली पाण्याची पिशवी दिली, एकाने चीज आणि अंजिरं काढली.

"वरच्या रानट्यांनी केलं का हे?" त्यांचा म्होरक्या म्हणाला. गोरा, हसऱ्या तोंडाचा. "सिल्बिऑनचे ना? बस, खा आधी. मग सांग. वेशीवर किती माणसं असतात? मागच्या बाजूने वर यायला वाट आहे म्हणतात, तू इतकी वर्षं जातोस, तुला ठाऊक असेल."

डामोक्सेनोसला ठाऊक होतं. शेरडांची वाट त्या गोठ्याच्या मागूनच जायची. त्याने अंजीर हातात फिरवलं. मेलिन्नाने त्याच्याकडे पाहिलं नाही, ती स्वारांकडे बघत होती, एकेका चेहऱ्याकडे. त्यांतला कोण त्या दिवशी कुरणावर होता, कोण नव्हता, हे कळायला काही मार्ग नव्हता. सगळे सारखेच दिसत होते. एकाच्या गालावर खळी होती. तो खेचराच्या कानामागे खाजवत होता आणि त्याच्याशी लाडाने बोलत होता.

"मला कुठलं ठाऊक," डामोक्सेनोस म्हणाला. "नेलं डोळ्यांवर फडकं बांधून, सोडलं तसंच."

"आणि बाईला?"

"मी भट्टीपाशी होते," मेलिन्ना म्हणाली. "धूर होता."

म्होरक्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याचं हसू गेलं नाही, पण डोळ्यांतलं गेलं. "मेटापोंतिऑनची माणसं," तो बाकीच्यांना म्हणाला, "यांना घडे विकायचे असतात." त्याने अर्धवट खाल्लेलं चीज परत घेतलं नाही. स्वार नदी ओलांडून वरच्या अंगाला गेले.

त्यांचे आवाज ऐकू येईनासे झाल्यावर डामोक्सेनोस वाळूत बसला आणि रडायला लागला. मेलिन्ना शेजारी बसली. "त्याने मला मारलं असतं," तो म्हणाला. "त्या झाइरेसने. आणि मी त्याच्यासाठी खोटं बोललो."

"त्याच्यासाठी कुठे?"

"मग कुणासाठी?"

तिने त्याच्या मानेवरची जखम नदीच्या पाण्याने धुतली. तो कळवळला आणि तिला शिव्या घालायला लागला, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

डामोक्सेनोस पुन्हा कधी सिल्बिऑनला गेला नाही. पुढच्या शरदात खेचरं लादली ती मेलिन्नाने. कुंभारवाड्यातल्या सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. डामोक्सेनोस तीन दिवस तिच्याशी बोलला नाही आणि चौथ्या दिवशी घडे फुटू नयेत म्हणून स्वतः पेंढा भरून देऊ लागला. गावाच्या वेशीवर तिला झाइरेस भेटला. त्याने तिच्याकडे पाहिलं, खेचरांकडे पाहिलं आणि बाजूला झाला. त्याचा तो हात वाळून गेला होता, लोंबत होता. एथेताचे केस खांद्यापर्यंत वाढले होते. तिने मुलाचा विषय काढला नाही. एक साधा पेला उचलला, उलटा केला, बुडाला टिचकी मारून नाद ऐकला, आणि म्हणाली, "यंदा ऑलिव्ह लवकर पिकलेत. आत ये, तेल घेऊन जा."